तेल घट्ट करायचं कशाने? मेण, कोकमतेल आणि लेबलवरची अगम्य नावं

सायसाखर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिप बाम, टाचांचं मलम आणि रात्री चेहऱ्याला लावायचं तेल, तिन्ही घरी करायचं डोक्यात आहे. तेलं ठरली आहेत: तीळ, खोबरेल, थोडं एरंडेल. गाडी अडलीय ती घट्टपणापाशी. चेहऱ्याचं तेल पातळ असलं की कानामागे ओघळतं आणि उशीचे अभ्रे खराब होतात. घरात झँथन गम पडून आहे, तो तेलात घातला तर चालेल का? किंवा कॉर्नफ्लॉवर?

दुसरं म्हणजे बाजारातल्या वस्तूंची लेबलं वाचायला बसले तर डोकं गरगरलं. हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल, डिस्टिअरडिमोनियम हेक्टोराइट, सिलिका डायमिथाइल सिलिलेट, डेक्स्ट्रिन पामिटेट... ही सगळी मंडळी तेल घट्ट करतात म्हणे. कुणी जरा इस्कटून सांगेल का? आणि जितकं घट्ट तितकं पौष्टिक, असं काही असतं का?

शंकासुर

कॉर्नफ्लॉवर घालून गॅसवर ठेवा, मंचुरियनची ग्रेव्ही होईल. हलकेच घ्या.

गंभीरपणे विचारतो, लिप बाम कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतो. हा उपद्व्याप कशासाठी?

सायसाखर

लोणचंही दुकानात मिळतं हो.

लॅबकोट

सौंदर्यप्रसाधनांच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, त्यामुळे जमेल तसं सांगतो. लांबण लागेल.

झँथन, ग्वार, जिलेटिन, कार्बोमर ही सगळी पाणी पिऊन फुगणारी जमात. तेलात पाणीच नाही, त्यामुळे पावडर तशीच्या तशी तळाशी बसते. कॉर्नफ्लॉवरचंही तेच, त्याचा दाणा फुलायला पाणी आणि उष्णता दोन्ही लागतात. तेलाला घट्ट करणारे घटक वेगळेच, आणि त्यांची काम करायची तऱ्हाही वेगळी.

सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे पातळ तेलात जाड तेल मिसळणं. खोलीच्या तापमानाला पाण्याची चिकटाई, म्हणजे वाहायला होणारा विरोध, १ सेंटिपॉइज धरली तर ऑलिव्ह तेलाची ८० च्या आसपास येते आणि एरंडेलाची ७०० च्या आसपास. एरंडेलातलं जवळजवळ ८५ ते ९० टक्के मेदाम्ल रिसिनोलिक असतं. त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) बसलेला असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात. तुमच्या चेहऱ्याच्या तेलात एरंडेल १५-२० टक्के केलंत तर ओघळणं बरंच कमी होईल. त्याहून जास्त घातलंत तर चिकट लागेल.

दुसरी युक्ती मेणाची. गरम तेलात मेण विरघळतं, थंड होताना त्याचे बारीक स्फटिक तयार होतात, ते एकमेकांत गुंततात आणि त्या जाळीत तेल अडकून राहतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. तेलात ५ टक्के घातलं तर बोटाने सहज निघणारं मऊ मलम, १० टक्क्यांना डबीतला बाम, २० च्या पुढे कांडी. आकडे तेलाप्रमाणे थोडे हलतात, म्हणून सगळं ओतण्याआधी पाकाची गोळी बघतो तसं थेंबभर मिश्रण गार ताटलीवर टाकून बोटाने दाबून बघा. मऊ वाटलं तर मेण वाढवा, दगड झाला तर तेल.

घट्ट म्हणजे पौष्टिक, हे मात्र डोक्यातून काढून टाका. घट्टपणा हा पोताचा भाग. जाड थर त्वचेवरून पाणी उडून जाऊ देत नाही, तेवढा फायदा खरा. पण पेट्रोलियम जेलीही तेच करते, आणि तिच्यात पौष्टिक म्हणावं असं काहीच नाही. रॉबर्ट चेसब्रोने १८७२ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. द्रवरूप हायड्रोकार्बन आणि मेण यांचं ते मिश्रण, म्हणजे घट्ट केलेलं तेलच. आमच्या धंद्यात तिला अजून तोड नाही.

बाकीची नावं पुढच्या प्रतिसादात.

अडाणी

पुढील भागाच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली.

भिरंड

मेणाचं चाललंय तर आमच्या कोकमाला विसरू नका. सावंतवाडीकडे टाचेच्या भेगांना पिढ्यान्‌पिढ्या कोकमतेलच लावतात, गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात. आमसुलं करून झाली की बिया उरतात. त्या वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. तेल वर येतं ते काढून घेतलं की गार होऊन थिजतं. मग त्याचे हातानेच गोळे वळतात. घरचा गोळा पिवळट-करडा असतो, बाजारातला शुद्ध केलेला पांढराशुभ्र. गोळा विस्तवाजवळ धरायचा आणि वितळेल तसा भेगेत भरायचा. वास फारसा नसतो.

सायसाखर, तुमच्या टाचांच्या मलमात मेण निम्मं करून त्या जागी हे घाला. शी बटरच्या मागे का धावतात लोक कळत नाही, ते आफ्रिकेतून येणार आणि हे आपल्या परसात.

लॅबकोट

भिरंड, +१. कोकमतेल हा माझाही आवडता घटक. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त आणि उरलेलं बहुतेक ओलिक, त्यामुळे ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. कोको बटर ३४ ते ३६ लाच पाघळतं, शी बटर त्याहून मऊ. म्हणून कोकमतेलाने मलमाला बांधा येतो आणि अंगाला लावल्यावर मेणासारखा थरही राहत नाही.

मात्र एक जपा. अशी बटरं सावकाश गार झाली की मोठे स्फटिक धरतात आणि मलम रवाळ होतं. ते खराब झालेलं नसतं, लावताना फक्त कणी लागते. पूर्ण वितळवा, ७५-८० अंशांपर्यंत नेऊन थोडा वेळ तिथे ठेवा म्हणजे जुने स्फटिक शिल्लक राहत नाहीत. मग ढवळत ढवळत चटकन गार करा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवलं तरी चालेल. फक्त पाण्याचा थेंब आत जाता कामा नये.

आजोळ

मेण आणि तेल म्हटल्यावर मला फणेरपेटी आठवली. आमच्या आजेसासूबाई ओलं कुंकू कधी लावत नसत. पेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची छोटी डबी. बोटाने मेणाचा ठिपका कपाळावर टेकवायचा, त्याला गोल आकार द्यायचा आणि वर कोरडं कुंकू दाबायचं. दिवसभर चुलीपुढे घाम आला तरी हलत नसे. उन्हाळ्यात मेण मऊ पडायचं म्हणून नुसतं वापरायचं, आणि थंडीत कडक झालं की त्यात दोन थेंब खोबरेल घालून कोमट करायचं. टक्केवारी कुणाला ठाऊक नव्हती, पण ऋतूप्रमाणे प्रमाण बदलायचं हे बरोबर ठाऊक होतं.

आयुर्वेदातलं सिक्थ तैल म्हणजेही मेण आणि तिळाचं तेल, त्यावरच पुढे मलमं बनतात. माझ्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं, तिथे हे पाहिलंय.

बर्फाळलेला

आजोळ, सुंदर प्रतिसाद.

ऋतूवरून माझी अडचण. मी मिनेसोटात राहतो. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो आणि खिशातली कांडी ओठांवर फिरतच नाही, नुसती खरवडते. घरच्या बामचं प्रमाण काय ठेवू?

वैदर्भीय ऊन

आणि आमच्याकडे याच्या उलट. मे महिन्यात नागपुरात ४५ अंश. स्कूटरच्या डिकीत ठेवलेली कांडी संध्याकाळी टोपणात सांडलेली असते. मेण ६२ ला वितळतं तर ४५ ला कांडी का पडते हो? डिकीत काय ६२ होतं काय?

लॅबकोट

दोघांचा प्रश्न एकच आहे, टोकं तेवढी वेगळी.

ऊन, ६२ हा निव्वळ मेणाचा वितळबिंदू झाला. कांडीत मेण वीस-बावीस टक्के, बाकी तेल. मेणाचा बराच भाग त्याच्या वितळबिंदूच्या पुष्कळ खालीच तेलात विरघळायला लागतो, जाळी विरळ होते आणि कांडी बसते. त्याआधी तिच्या अंगावर तेलाचे थेंब दिसतात, लिपस्टिकला घाम आला म्हणतो ना आपण, तेच. इलाज म्हणजे जास्त कडक मेण थोडंसं मिसळणं. कँडेलिला ६८ ते ७२ ला वितळतं, उत्तर मेक्सिकोच्या वाळवंटातल्या एका झुडपाचं मेण आहे. कार्नोबा ८२ ते ८६ ला, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं. तांदळाच्या कोंड्याचं मेण ८० च्या आसपास, आणि ते आपल्याकडेच कोंड्याच्या तेलाच्या गिरण्यांत तेल शुद्ध करताना बाजूला निघतं. ही मेणं मधमाशीच्या मेणाच्या बदली तेवढीच घालायची नाहीत. कँडेलिला साधारण निम्म्यात काम भागवतं, कार्नोबा त्याहून कमी. जास्त झालं की कांडी ठिसूळ होते, ओठावर टेकवताच तुकडा पडतो.

नागपूरसाठी १०० ग्रॅमचं: मधमाशीचं मेण १५, कँडेलिला ७, कोकमतेल २०, एरंडेल ३०, तीळतेल २७.५, व्हिटॅमिन ई अर्धा ग्रॅम. खोबरेल मुद्दाम ठेवलं नाही. ते २४ अंशांनाच पातळ होतं, तिथे त्याचा घट्टपणाला काही उपयोग नाही.

बर्फाळलेला, तुमच्यासाठी मेण १४-१५ टक्क्यांवर आणा, कँडेलिला नको, कोकमतेल १० पुरे, बाकी बदाम किंवा सूर्यफूल यांसारखं थंडीत पातळ राहणारं तेल. खोबरेल तुम्हालाही नको, पण उलट्या कारणाने. खरं तर तिकडे कांडीचा हट्ट सोडून डबीच घ्या.

शंकासुर

कबूल, धागा रंगलाय. पण ती राक्षसी नावं राहिलीच. आणि हायड्रोजनेटेड तेल म्हणजे डालडाच ना? मग डालडाच फासतो की तोंडाला.

लॅबकोट

तत्त्व तेच आहे, अगदी बरोबर. द्रव तेलातल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवला की तेल घनरूपाकडे जातं. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल ऑइल हे नाव प्रसाधनांच्या लेबलांवरही सर्रास दिसतं. ट्रान्स फॅटची भीती खाण्यापुरती, त्वचेवर लावण्यापुरती नाही. डालडा फासायचा तर फासा, वासाचं तुम्ही बघा.

एरंडेलाची गंमत याच्या पुढची. त्याच्यावर हायड्रोजन चढवला की पांढरं, कडक, ८५ अंशांच्या वर वितळणारं मेण मिळतं. तेच तुमचं हायड्रोजनेटेड कॅस्टर ऑइल. मघाशी सांगितलेला हायड्रॉक्सिल गट त्यात तसाच राहतो, म्हणून थंड होताना त्याचे लांब तंतू बनतात आणि थोडक्या मात्रेत तेल धरून ठेवतात. याच तेलापासून मिळणारं १२-हायड्रॉक्सिस्टिअरिक आम्ल लिथियमबरोबर साबण होऊन गाड्यांच्या बेअरिंगमधल्या ग्रीसला घट्ट करतं. म्हणजे तुमच्या ओठांवरची कांडी आणि चाकातलं ग्रीस एकाच एरंडीची लेकरं. एरंडीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा, त्यामुळे हा कच्चा माल आपल्याला परका नाही.

सिलिका. ही समुद्रावरची वाळू नव्हे. सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळून ही पावडर करतात, हाताला लागते न लागते इतकी हलकी. तिच्या कणांच्या माळा होतात, पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात, ते एकमेकांना हलकेच धरतात आणि तेलभर जाळं पसरतं. बोट फिरवलं की जाळं मोडतं, तेल पातळ होऊन पसरतं. हात थांबला की पुन्हा जुळतं. गरम करायची गरज नाही. शिवाय सिलिकाचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवते त्याचं माप) १.४६ च्या आसपास आणि बहुतेक वनस्पती तेलांचाही जवळपास तेवढाच, म्हणून जेल जवळजवळ पारदर्शक दिसतं. मेणाने ते कधीच जमत नाही, २-३ टक्क्यांतच तेल गढूळ होतं. मिनरल ऑइलमध्ये सिलिका थोडकी लागते, तीळ-एरंडेलासारख्या तेलांत जास्त, कारण अशी तेलं स्वतःच त्या हायड्रॉक्सिल गटांना चिकटतात. डायमिथाइल सिलिलेट म्हणजे हीच सिलिका, फक्त पृष्ठभाग पाणी नको म्हणणारा केलेला. जास्त झाली तर त्वचा कोरडी-खरखरीत लागते. घरी वापरणार असाल तर मास्क लावल्याशिवाय डबा उघडू नका. अस्फटिकी असल्याने खाणीतल्या वाळूच्या धुळीइतकी घातक नाही, पण फुप्फुसात जायची वस्तूही नाही. पंखा बंद.

हेक्टोराइट ही माती. मूळ माती पाण्यात फुगणारी, तेलाला दाद न देणारी. तिच्या पापुद्र्यांवर लांब मेदसाखळ्या असलेले क्वाटर्नरी अमोनियम रेणू बसवले की ती तेलात उलगडते. नेलपॉलिशमधले रंग तळाशी बसू नयेत म्हणून त्यातही अशीच प्रक्रिया केलेली माती असते. बाटली हलवली की पातळ, ठेवली की जाड. ही घरी होत नाही, जोरदार घुसळण लागते आणि पापुद्रे सुटे करायला प्रॉपिलीन कार्बोनेटसारखा मदतनीसही.

डेक्स्ट्रिन पामिटेट म्हणजे स्टार्चच्या तुकड्यांना पामिटिक आम्ल जोडलेलं. तेलात ९० अंशांच्या आसपास तापवून विरघळवायचं, गार झालं की मऊ जेल. चेहऱ्याच्या तेलाला मला हे सगळ्यात आवडतं, पण किमतीकडे बघू नका.

अडाणी

मुलतानी माती घालून नाही का चालणार मग? घरात पडून आहे.

लॅबकोट

नाही. ती प्रक्रिया न केलेली, पाण्यातच खुलते. तेलात घातलीत तर खाली चिखल, वर तेल.

सायसाखर

लॅबकोट, दंडवत. चेहऱ्याच्या तेलाला एरंडेलच वाढवते, सिलिकाची हिंमत नाही. दोन उपप्रश्न. तेलात कोरफडीचा गर घातला तर? आणि व्हिटॅमिन ई घातलं की मलम वर्षभर टिकतं का? सेटिल अल्कोहोलबद्दलही ऐकलंय, पण अल्कोहोल म्हणजे ओठ कोरडे होणार ना?

शंकासुर

शेवटच्याचं उत्तर मला येतं! सेटिल अल्कोहोल म्हणजे मेणचट पांढऱ्या पापड्या, दारूतल्या स्पिरिटसारखं उडून जाऊन ते त्वचा कोरडी करत नाही. बायकोच्या क्रीमवर वाचून शोधलं होतं.

लॅबकोट

शंकासुर पार्टी बदलून आले, स्वागत. पुस्ती एवढीच की सेटिल किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोलचं खरं काम तेल-पाण्याच्या क्रीममध्ये. नुसत्या तेलात ते पन्नासच्या आसपास वितळणारं साधं मेण, मलम मऊ आणि पांढरं करतं. बाममध्ये २-३ टक्के घातलं तर सरकतं छान.

कोरफड नको. गर म्हणजे बहुतांश पाणी. ते तेलात मिसळत नाही, थेंब होऊन खाली उतरतं आणि तिथेच बुरशी धरते. तुमचं मलम पाण्याशिवायचं आहे म्हणून तर त्याला संरक्षक लागत नाही. ओलं बोट डबीत घालू नका, न्हाणीघरात ठेवू नका.

व्हिटॅमिन ई जंतू मारत नाही. ते तेल खवट होणं लांबवतं, एवढंच. मूळ तेलच जुनं असेल तर तेही नाही.

भिरंड

मेण कुठून घेणार? बाजारातल्या पिवळ्या वड्यांत पॅराफिन मिसळलेलं असतं.

लॅबकोट

घरी खात्रीने ओळखता येत नाही. वासावरून, चावून वगैरे सांगतात त्यावर माझा भरवसा नाही. प्रयोगशाळेत मेणाचं साबणीकरण करून द्रावण किती अंशांना गढूळ होतं ते बघतात, पॅराफिन असेल तर तिथे उघडं पडतं. मधपाळाकडूनच घेणं उत्तम. महाबळेश्वरजवळचं मांघर तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, त्या बाजूला गेलात तर मधाबरोबर मेणाची चौकशी करा. पॅराफिन त्वचेला वाईट असतं असं नव्हे हो, पण मेणाचे पैसे देऊन ते का घ्यावं? शिवाय त्याची जाळी वेगळी, वर दिलेली प्रमाणं बिघडतील.

आजोळ

सायसाखर, चांगलं जमलं तर दिवाळीच्या प्रदर्शनात स्टॉल लाव. मी पहिली गिऱ्हाईक.

लॅबकोट

स्टॉलच्या आधी परवाना. विकायला प्रसाधनं बनवायची तर २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सप्रमाणे राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) उत्पादनाचा परवाना लागतो, 'घरगुती' लिहिलं म्हणून सुटका नाही. लेबलवर १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने, त्याखालचे कोणत्याही क्रमाने. हे वाचतानाही उपयोगी पडतं. 'केशर, चंदन' शेवटी सिलिकाच्या शेजारी लिहिलेलं असेल तर काय ते समजा. मैत्रिणींना वाटायला कुणी अडवत नाही.

वैदर्भीय ऊन

कँडेलिला मिळालं. ते आणि मेण एकदमच वितळवू का? आणि पुरवठादाराचं नाव हवं असेल कुणाला तर इथे टाकू का?

लॅबकोट

कडक मेण आधी. कँडेलिला एरंडेलात घालून डबल बॉयलरवर पूर्ण विरघळवा, मग मधमाशीचं मेण, मग कोकमतेल, तीळतेल शेवटी. पुन्हा सगळं वितळून पारदर्शक झालं की आचेवरून उतरवा, व्हिटॅमिन ई घाला आणि ७० च्या आसपास असतानाच नळ्यांत ओता. त्याहून गार ओतलंत तर थर पडतात. वरती खळगा पडेल, थोडं मिश्रण राखून ठेवा आणि तो भरून काढा.

पुरवठादाराचं नाव धाग्यावर नको, जाहिरात होते. ज्यांना हवं त्यांनी ऊन यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बर्फाळलेला

मीही व्यनि केला आहे, ऊन. तुमच्या नळ्या किती ग्रॅमच्या आहेत तेवढं कळवा.